स्पर्धा परीक्षेतील इंग्रजी: मराठीच्या सवयीने होणाऱ्या चुका ओळखा, हातचे गुण वाचवा

गावातल्या अभ्यासिकेत बसणारी बरीच मुलंमुली गणित, बुद्धिमत्ता आणि सामान्य ज्ञानावर रात्री जागवतात. इंग्रजीचा विषय निघाला की मात्र "जमलं तर जमलं" म्हणून पुस्तक मिटतात. निकाल लागतो तेव्हा नाव एक-दोन गुणांनी यादीबाहेर राहतं. पुढची जाहिरात कधी निघेल याचा नेम नसतो आणि वयोमर्यादा कुणासाठी थांबत नाही.

खरं तर व्याकरणातील चूक ओळखण्याच्या प्रश्नाला फाडफाड इंग्रजी बोलता यावं लागत नाही. चुका कुठे लपतात त्या ठरावीक जागा माहीत असाव्या लागतात. त्यातल्या बऱ्याच जागा अशा आहेत, की आपण मनात मराठी वाक्य जुळवतो आणि त्यावर इंग्रजी शब्द चढवतो. मराठीत ते वाक्य बरोबर असतं, म्हणून चूक दिसतच नाही. मराठी आणि इंग्रजी कुठे वेगळ्या वाटेने जातात एवढं कळलं, तरी निम्मं काम होतं.

(वाचायला सोपं जावं म्हणून इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत. सराव करताना ती वहीत इंग्रजी लिपीत लिहून काढावीत.)

कोणत्या परीक्षेत इंग्रजीला किती वजन?

- तलाठी भरती 2023: एकूण 200 गुण. इंग्रजीचे 25 प्रश्न, 50 गुण. चुकीच्या उत्तराला गुणकपात नव्हती.
- स्टाफ सिलेक्शनच्या पदवी स्तर (सीजीएल) आणि बारावी स्तर (सीएचएसएल) परीक्षा, पहिला टप्पा: इंग्रजीचे 25 प्रश्न, 50 गुण. चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा.
- स्टाफ सिलेक्शन जीडी कॉन्स्टेबल: इंग्रजी किंवा हिंदी यापैकी एक भाषा. 20 प्रश्न, 40 गुण.
- आयबीपीएस बँक क्लार्क पूर्व परीक्षा: इंग्रजीचे 30 प्रश्न, वेळ 20 मिनिटे. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा.
- एमपीएससी गट ब आणि गट क मुख्य परीक्षा: पहिला पेपर मराठी आणि इंग्रजी भाषेचा. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक चतुर्थांश गुण वजा.

राज्य पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत इंग्रजी नाही. ग्रामीण बँकेच्या कार्यालय सहायक पदाला पूर्व परीक्षेत इंग्रजी नाही, मुख्य परीक्षेत इंग्रजी किंवा हिंदी निवडता येतं. नियम बदलत असतात, त्यामुळे अर्ज भरताना त्या वर्षीची जाहिरात नीट वाचावी.

प्रश्न कसा येतो?

एक वाक्य तीन तुकड्यांत दिलेलं असतं. कोणत्या तुकड्यात चूक आहे ते सांगायचं. चौथा पर्याय 'नो एरर' म्हणजे चूक नाही. दुसऱ्या प्रकारात वाक्याचा एक भाग अधोरेखित असतो आणि त्याजागी योग्य पर्याय निवडायचा असतो. दोन्हीकडे तपासण्याच्या जागा त्याच.

1. क्रियापद कोणाच्या मागे जातं?

मराठीत "सुनीताने आंबा खाल्ला" आणि "सुनीताने पोळी खाल्ली". खाणारी तीच, पण क्रियापद आंबा-पोळीप्रमाणे बदललं. इंग्रजीत असं कधीच होत नाही. तिथे क्रियापद फक्त कर्त्याच्या मागे चालतं. म्हणून सगळ्यात आधी कर्ता शोधायचा.

परीक्षक कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये भलतेच शब्द घालून ठेवतो. 'द क्वालिटी ऑफ द सीड्स आर पुअर' हे वाक्य पाहा. 'सीड्स' शेजारी आहे म्हणून 'आर' बरोबर वाटतं. पण खराब काय आहे? 'क्वालिटी'. ती एकवचनी, म्हणून 'इज' हवं. 'ऑफ'च्या पुढचा शब्द बोटाने झाकून वाक्य वाचलं की चूक लगेच उघडी पडते.

दुसरी गडबड आदरार्थी बहुवचनाची. आपण "माझे वडील शेतकरी आहेत", "सर आले आहेत" असं म्हणतो. वडील एकच, पण मानाने बहुवचन. इंग्रजीत हा मान क्रियापदात येत नाही. 'माय फादर आर ए फार्मर' चूक, 'माय फादर इज ए फार्मर' बरोबर.

याच घरातले आणखी नियम:

- 'वन ऑफ' नंतर नाम अनेकवचनी, क्रियापद एकवचनी. 'वन ऑफ माय फ्रेंड्स इज ए नर्स'.
- 'ईच', 'एव्हरी', 'आयदर ऑफ', 'नायदर ऑफ' यांना परीक्षेत एकवचनी क्रियापद.
- 'अलाँग विथ', 'ॲज वेल ॲज', 'टुगेदर विथ' असेल तर पहिला कर्ता धरायचा. 'द सरपंच, अलाँग विथ द मेंबर्स, वॉज प्रेझेंट'.
- 'आयदर-ऑर', 'नायदर-नॉर' असेल तर क्रियापदाच्या जवळचा कर्ता धरायचा. 'नायदर द फार्मर नॉर हिज सन्स वेअर प्रेझेंट'.
- 'ए नंबर ऑफ' म्हणजे बरेच, म्हणून अनेकवचनी. 'द नंबर ऑफ' म्हणजे संख्या, म्हणून एकवचनी.

2. मोजता येणारं आणि न येणारं

आपण "चार सल्ले दिले", "बातम्या लागल्या" म्हणतो. इंग्रजीत 'ॲडव्हाइस', 'इन्फॉर्मेशन', 'फर्निचर', 'लगेज', 'मशिनरी', 'इक्विपमेंट', 'सीनरी', 'होमवर्क' या शब्दांना 'एस' लागत नाही आणि क्रियापद एकवचनी येतं. 'न्यूज' आणि 'मॅथेमॅटिक्स' यांच्या शेवटी 'एस' दिसतो, तरी ते एकवचनीच.

याच्या उलट 'पोलीस', 'कॅटल' आणि 'पीपल'. मराठीत "एक पोलीस आला" चालतं. इंग्रजीत 'द पोलीस हॅव अरेस्टेड द थीफ' असं अनेकवचन हवं. गुरांसाठी 'द कॅटल आर ग्रेझिंग'. 'कॅटल्स' असा शब्दच नाही.

3. 'पासून' आणि 'काल'

काळाच्या चुकांचं मूळ दोन शब्दांत सापडतं.

पहिला शब्द 'पासून'. "मी पाच वर्षांपासून या गावात राहतोय" हे मराठीत वर्तमानकाळी वाक्य आहे. तेच उचलून 'आय ॲम लिव्हिंग इन धिस व्हिलेज सिन्स फाइव्ह इयर्स' असं होतं. यात दोन चुका आहेत. मागे सुरू झालेलं आणि अजून चालू असलेलं काम सांगताना 'हॅव बीन' किंवा 'हॅज बीन' हवं. शिवाय मराठीत एकच 'पासून' असला तरी इंग्रजीत दोन शब्द आहेत. सुरुवातीची वेळ असेल तर 'सिन्स', जसं 'सिन्स 2019', 'सिन्स मंडे'. एकूण कालावधी असेल तर 'फॉर', जसं 'फॉर फाइव्ह इयर्स'. बरोबर वाक्य: 'आय हॅव बीन लिव्हिंग इन धिस व्हिलेज फॉर फाइव्ह इयर्स'.

दुसरा शब्द 'काल'. 'यस्टरडे', 'लास्ट इयर', 'टू डेज ॲगो', 'इन 2018' असा संपलेला काळ दिसला की 'हॅव' किंवा 'हॅज' नको, साधा भूतकाळ हवा. 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' चूक, 'आय सॉ हिम यस्टरडे' बरोबर.

आणखी तीन जागा पाहून ठेवा:

- "माझ्याकडे दोन बैल आहेत" यासाठी 'आय ॲम हॅविंग टू बुलक्स' नाही, 'आय हॅव टू बुलक्स'. मालकी दाखवणारा 'हॅव', तसंच 'नो', 'बिलाँग', 'अंडरस्टँड' यांना परीक्षेत 'आयएनजी' लावलेलं दिसलं की संशय घ्यायचा.
- 'इफ' असलेल्या तुकड्यात 'विल' येत नाही. 'इफ इट रेन्स, वी विल सो सोयाबीन'. 'विल' दुसऱ्या तुकड्यात.
- 'डिड' आलं की पुढचं क्रियापद मूळ रूपात. 'डिड नॉट वेन्ट' चूक, 'डिड नॉट गो' बरोबर.

4. जरी-तरीची जोडी

मराठीत जोडीने शब्द येतात: जरी-तरी, जेव्हा-तेव्हा. त्यामुळे 'ऑलदो ही वर्क्ड हार्ड, बट ही फेल्ड' हे आपल्या कानाला गोड लागतं. इंग्रजीत 'ऑलदो' आलं की 'बट' काढायचं. 'बिकॉज' किंवा 'ॲज'ने सुरुवात झाली की पुढे 'सो' नको.

सगळ्यात जास्त फसवणारा नमुना 'तोपर्यंत'चा. "तो येत नाही तोपर्यंत थांब" यात मराठी 'नाही' वापरते. म्हणून 'वेट अनटिल ही डज नॉट कम' असं लिहिलं जातं. बरोबर वाक्य 'वेट अनटिल ही कम्स'. 'अनलेस'चंही तसंच. त्या शब्दाच्या पोटातच 'नाही' आहे, म्हणून त्याच तुकड्यात दुसरा 'नॉट' आला की चूक.

इंग्रजीच्या स्वतःच्या जोड्या पाठ कराव्या लागतात: 'नो सूनर' बरोबर 'दॅन', 'हार्डली' आणि 'स्केअर्सली' बरोबर 'व्हेन', 'लेस्ट' बरोबर 'शुड', 'नॉट ओन्ली' बरोबर 'बट ऑल्सो'. 'नो सूनर-व्हेन' अशी उलटसुलट जोडी लावून दिलेला प्रश्न ठरलेला असतो.

5. प्रत्ययाचं थेट भाषांतर

आपण प्रत्यय लावतो: गणितात, माझ्यावर, तिच्याशी. ते जसेच्या तसे इंग्रजीत नेले की फसगत होते.

- गणितात हुशार: 'गुड इन' नाही, 'गुड ॲट मॅथेमॅटिक्स'.
- माझ्यावर रागावला: 'अँग्री ऑन मी' नाही, 'अँग्री विथ मी'.
- तिच्याशी लग्न झालं: 'मॅरीड विथ' नाही, 'मॅरीड टु'.
- कर्जमाफीविषयी चर्चा केली: 'डिस्कस्ड अबाउट' नाही, नुसतं 'डिस्कस्ड द लोन वेव्हर'.
- गावाला पोचलो: 'रीच्ड टु' नाही, नुसतं 'रीच्ड द व्हिलेज'.
- मला सांगितलं: 'टोल्ड टु मी' नाही, 'टोल्ड मी'. पण 'से' आलं तर 'सेड टु मी'.

'सीनियर', 'ज्युनियर', 'सुपिरियर', 'इन्फिरियर' आणि 'प्रिफर' यांच्याबरोबर 'दॅन' येत नाही, 'टु' येतं. हा नियम पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातोय.

6. 'ए', 'ॲन', 'द': देवनागरीचा फायदा घ्या

मराठीत असे शब्दच नसल्याने ते गळाले तरी आपल्याला चुकल्यासारखं वाटत नाही. पण 'ए' की 'ॲन' हे ठरवायला मराठी मुलांकडे एक हुकमी साधन आहे. पुढचा इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून बघा. सुरुवातीला अ, आ, इ, ए, ऑ असा स्वर आला तर 'ॲन'. व्यंजन आलं तर 'ए'.

'अवर' म्हणजे तास. इंग्रजीत स्पेलिंग 'एच'ने सुरू होतं, पण देवनागरीत 'अ' येतो, म्हणून 'ॲन अवर'. तसंच 'ॲन ऑनेस्ट मॅन'. 'युनिव्हर्सिटी'चं स्पेलिंग 'यू' या स्वराने सुरू होतं, पण लिहिताना 'य' येतो, म्हणून 'ए युनिव्हर्सिटी'. 'वन-वे रोड' मध्ये 'व' येतो, म्हणून 'ए वन-वे रोड'. लघुरूपांनाही तेच लागू: 'ॲन एसटी बस', 'ॲन एफआयआर', 'ॲन एमएलए', पण 'ए यूपीएससी पेपर'. नियम उच्चाराचा आहे आणि देवनागरी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते, म्हणून हे जमतं.

'द' कुठे हवं? नद्यांच्या नावाआधी (द गोदावरी), जगात एकच असलेल्या गोष्टीआधी (द सन), आणि सर्वांत मोठा, सर्वांत चांगला अशा विशेषणाआधी (द बेस्ट, द टॉलेस्ट).

7. तुलना करताना

"महाबळेश्वरची हवा सोलापूरपेक्षा थंड आहे" हे मराठीत चालतं. इंग्रजीत हवेची तुलना हवेशीच करावी लागते, गावाशी नाही. म्हणून 'द क्लायमेट ऑफ महाबळेश्वर इज कूलर दॅन दॅट ऑफ सोलापूर'. 'दॅट ऑफ' गाळलेलं असेल तर चूक तिथेच.

'मोर बेटर', 'मोर टॉलर' यात तुलना दोनदा झाली, 'मोर' काढायचं. एकाची तुलना त्याच गटातल्या इतरांशी असेल तर 'एनी अदर' हवं: 'शी इज टॉलर दॅन एनी अदर गर्ल इन द क्लास'.

8. छोट्या पण नेहमीच्या जागा

- 'रिटर्न बॅक', 'रिपीट अगेन', 'कझिन ब्रदर': एकच अर्थ दोनदा. 'बॅक', 'अगेन', 'ब्रदर' काढायचं.
- वाक्याच्या पोटात प्रश्न असेल तर प्रश्नाची उलटापालट नको. 'ही आस्क्ड मी व्हेअर वॉज आय गोइंग' चूक, 'व्हेअर आय वॉज गोइंग' बरोबर.
- 'बिट्वीन यू अँड आय' चूक, 'बिट्वीन यू अँड मी' बरोबर.

अर्ध्या मिनिटात तपासणी

वाक्य एकदा सरळ वाचा. मग याच क्रमाने बघा: कर्ता आणि क्रियापद जुळतात का? काळ दाखवणारा शब्द कोणता, आणि क्रियापद त्याला धरून आहे का? जोडीचा शब्द बरोबर लागलाय का? 'टु, ऑफ, विथ, इन' हे योग्य आहेत का? शेवटी 'ए, ॲन, द' आणि तुलना. पाचही ठिकाणी काही सापडलं नाही तर 'नो एरर' निवडायला घाबरू नका. काही वाक्ये खरंच बरोबर दिलेली असतात.

प्रश्नाच्या एक चतुर्थांश गुणकपात असलेल्या परीक्षेत चार उत्तरं चुकली की एका बरोबर उत्तराची कमाई जाते. चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद झाले, तर उरलेल्या दोघांतून एक निवडणं फायद्याचं. एकही बाद करता येत नसेल तर पुढच्या प्रश्नाकडे वळावं. गुणकपात नसेल तर एकही प्रश्न कोरा ठेवू नये.

सराव करून बघा

प्रत्येक वाक्यात चौथा पर्याय 'नो एरर' आहे.

1. (1) द प्राइस ऑफ अनियन्स / (2) हॅव फॉलन / (3) सिन्स लास्ट वीक.
2. (1) ही इज सीनियर / (2) दॅन मी / (3) बाय टू इयर्स.
3. (1) वी विल वेट हिअर / (2) अनटिल द बस / (3) डज नॉट कम.
4. (1) नायदर ऑफ द टू ब्रदर्स / (2) हॅज अप्लाइड / (3) फॉर द पोस्ट.
5. (1) शी हॅज पास्ड / (2) द एक्झामिनेशन / (3) लास्ट इयर.
6. (1) ही वेटेड फॉर / (2) ए अवर / (3) ॲट द बस स्टँड.
7. (1) द ऑफिसर आस्क्ड मी / (2) व्हेअर वॉज माय लँड / (3) ऑन द मॅप.
8. (1) द पोलीस / (2) हॅज रीच्ड / (3) द व्हिलेज.

उत्तरे

1. पर्याय 2. कर्ता 'प्राइस', म्हणून 'हॅज फॉलन'.
2. पर्याय 2. 'सीनियर'नंतर 'टु मी'.
3. पर्याय 3. 'अनटिल' असताना 'नॉट' नको, 'कम्स' हवं.
4. पर्याय 4. वाक्य बरोबर आहे.
5. पर्याय 1. 'लास्ट इयर' म्हणजे संपलेला काळ, म्हणून 'शी पास्ड'.
6. पर्याय 2. 'ॲन अवर'.
7. पर्याय 2. 'व्हेअर माय लँड वॉज'.
8. पर्याय 2. 'पोलीस' अनेकवचनी, म्हणून 'हॅव रीच्ड'. 'रीच्ड'नंतर 'टु' नाही, तो भाग बरोबर आहे.

पैसे न घालवता तयारी

यासाठी महागडा क्लास लावलाच पाहिजे असं नाही. बालभारतीच्या संकेतस्थळावर शालेय पाठ्यपुस्तकं मोबाईलवर मोफत उतरवून घेता येतात. आठवी ते दहावीच्या इंग्रजी पुस्तकांतील व्याकरणाचे स्वाध्याय सुरुवातीला पुरेसे आहेत. एमपीएससीच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका ठेवलेल्या असतात.

एक वेगळी वही करावी. रोज दहा प्रश्न सोडवावेत. जे चुकेल ते वाक्य दुरुस्त करून लिहावं आणि शेजारी वरच्या आठपैकी कोणत्या जागेची चूक होती तो आकडा टाकावा. महिनाभरात कोणता आकडा सारखा येतोय ते वहीतच दिसेल. पुढचा अभ्यास त्याच जागेचा करायचा. शेतात पाणी धरताना किंवा एसटीच्या प्रवासातही ही वही चाळता येते, त्यासाठी नेटवर्क लागत नाही.

वर लिहिल्याप्रमाणे बऱ्याच परीक्षांत इंग्रजीला 50 गुण आहेत. ते सगळे मिळतीलच असं नाही. पण पूर्ण विभाग सोडून देणाऱ्याने मेरिटच्या शर्यतीत आधीच मागून सुरुवात केलेली असते.